केरबा साळिंदराची बोलकी गाडी

एका जंगलात, जिथे रस्ता थोडा आणि खड्डे फार होते, केरबा नावाचा एक साळिंदर राहत होता. त्याच्याकडे गाडी होती.

बाळांनो, नीट बसा. गोष्ट गाडीची आहे म्हणून मागच्यांनी तोंडाने भुर्रर्र करायचं नाही. आणि जंगलात गाडी कुठून आली असं कोणी विचारलं, तर त्याला मी बाहेर उभं करीन. सिंहाने दरबार भरवलेला तुम्हाला चालतो, मग साळिंदराने गाडी घेतली तर तुमचं काय बिघडलं?

तर गाडी. चौदा वर्षांची, पांढरी, लांबलचक, मागे ऐसपैस डिकी. केरबाने ती एका रानडुकराकडून घेतली होती. रानडुक्कर म्हणालं, "फार वापरलेलीच नाही. आठवड्यातून एकदा देवाला जायचो, तेवढीच." केरबाला बरं वाटलं. देव डोंगराच्या टोकावर होता आणि डोंगराला रस्ताच नव्हता, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तुम्हालाही सुचलं नसतं, उगाच हसू नका.

गाडी दिसायला झकास होती. चालायला लागली की मात्र बोलायला लागायची. खड्ड्यात गेली की पुढून खटखट. वळली की खालून कुंईकुंई. ब्रेक मारला की नाक जमिनीला टेकवायला जायची. आणि एकदा का उसळली की खड्डा संपून सपाट रस्ता आला तरी ती आपली खालीवर, खालीवर करत राहायची. उभी असली की डाव्या अंगाला कललेली असायची.

केरबा म्हणायचा, "वय झालं की एवढं होणारच." त्याचे स्वतःचे गुडघेही वाजायचे. त्यासाठी तो कुठे वैद्याकडे गेला होता?

केरबाच्या बायकोचं नाव द्वारका. एकदा बाजारातून येताना गाडी अशी काही उसळली, की द्वारका छताला लागली, छतात तिचे सतरा काटे रुतले आणि ती तिथेच लटकून राहिली. केरबाला ते दोन वळणांनंतर कळलं. त्याला वाटलं होतं, आज ही जरा गप्प आहे.

काटे सुटले, पण पाठ धरली. द्वारका तशीच माहेरी गेली. माहेर तीन वळणांपलीकडे होतं. जाताना म्हणाली, "ही गाडी धक्का न देता, आवाज न करता माझ्या माहेरापर्यंत येईल, त्या दिवशी मी तिच्यात बसेन. तोवर मला न्यायला येऊ नका."

केरबाला घर खायला उठलं. तो कंद उकडायचा ते कच्चे राहायचे, भाजायचा ते जळायचे. दोन ताटं घ्यायचा आणि एक परत ठेवायचा. त्याला द्वारका हवी होती, बाकी काही नको होतं. म्हणजे गाडी नीट व्हायला हवी होती.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, मिस्त्रीकडे जायचं. तुम्हाला त्या जंगलाची रीत माहीत नाही. तिथे गाडीत बसवून नेलं की उतरताना पाहुण्याने एक सल्ला द्यायचा आणि गाडीवाल्याने तो पाळायचा. नाही पाळला तर पाहुण्याचा अपमान. आणि जो गाडीत बसला नाही त्याने गाडीविषयी चकार शब्द काढायचा नाही. मग तो कितीही जाणकार असो.

म्हणून केरबाने भराभर लोकांना गाडीत बसवायला सुरुवात केली.

पहिला मोर बसला. पिसारा खिडकीबाहेर ठेवून तो नाक्यापर्यंत आला आणि उतरताना म्हणाला, "डावीकडे कलते ना? मग डिकीत उजव्या बाजूला वाळूचं पोतं टाक." केरबाने टाकलं. गाडी सरळ झाली. म्हणजे आता दोन्ही अंगांनी जमिनीला लागली.

मग वानर बसलं. ते म्हणालं, "कुंईकुंई होते म्हणजे सांधे कोरडे पडलेत. तेल सोड." केरबाने गाडीखाली शिरून जिथे जिथे रबर दिसलं तिथे तिथे खोबरेल तेल चोळलं. चार दिवस गाडी गप्प राहिली. पाचव्या दिवसापासून ती अशी कोकलायला लागली की रस्त्यावरच्या बकऱ्या बाजूला होऊन तिला वाट द्यायच्या.

मग गवा बसला. तो बसल्यावर गाडीतून एक नवाच आवाज आला, कटकन, आणि मग मागचा भाग वर आलाच नाही. गवा उतरताना गंभीरपणे म्हणाला, "खड्डा दिसला की वेग वाढवायचा. गाडीला खड्डा कळायच्या आत ती पलीकडे गेली पाहिजे." केरबाने तेही केलं. गाडीला खड्डा कळला. केरबालाही कळला.

दर रविवारी केरबा नवा सल्ला अमलात आणून सासरी जायचा. मनात म्हणायचा, आज नक्की येईल. पण गाडी पहिल्या वळणावर असतानाच तिकडे ऐकू जायची. खटखट, कुंईकुंई, धडाम. तो पोचेपर्यंत द्वारका अंथरुणावर पालथी पडून कण्हत असायची.

"अजून वाजतेय हो," ती म्हणायची.

"वाजतेय खरी," केरबा खाली मान घालून म्हणायचा. "पाठ कशी आहे?"

"कसली हो. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"शेक घेतेस का? इथे दुखतं की जरा खाली?"

मग तो अर्धा तास बसायचा. कंद आणलेले असायचे, ते सोलून द्यायचा. निघताना पुन्हा एकदा पाठीचं विचारायचा आणि डोळे पुसत खटखट करत परत जायचा. असे नऊ रविवार गेले.

दहाव्या आठवड्यात गाडीचं पुढचं चाक फुटलं. टायर बाहेरून कोरा करकरीत होता आणि आतल्या कडेने झिजून झिजून फडक्याएवढा झाला होता. गाडी थांबली ती नेमकी लाडोबाच्या खोपटासमोर. लाडोबा म्हणजे मिस्त्री, जातीने खवल्या मांजर. अंगावर खवल्यांचं चिलखत, त्यामुळे तो गाडीखाली पाठीवर सरपटत जायचा, खाली पोतंसुद्धा अंथरायचा नाही.

लाडोबा दारात बसून हे वर्षभर बघत होता. रोज ती गाडी समोरून जायची आणि रोज तो दात आवळून गप्प बसायचा. करणार काय? मिस्त्रीला गाडीत कोण बसवतो? सीटला काळे डाग पडतात.

केरबा रस्त्यातच मटकन बसला आणि रडायला लागला. "लाडोबा," तो म्हणाला, "माझी बायको आता काही येत नाही बघ."

लाडोबा म्हणाला, "एक मिनिट मला गाडीत बसव."

"पण ती बंद आहे."

"बंद तर बंद. बूड टेकू दे."

केरबाने दार उघडलं. लाडोबा बसला, एक मोठा श्वास घेतला आणि उतरला. उतरल्याबरोबर वर्षाचं साचलेलं त्याच्या तोंडून धबधब्यासारखं बाहेर पडलं. "चारही शॉकअप मेलेत. तेल गळतंय, ते वर्षापूर्वीच माझ्या दारात गळत होतं. खटखट करते ती लिंक. मागची स्प्रिंग तुटलीय. पुढच्या आर्मचे बुश... बुशांना तेल कोणी पाजलं?"

"वानराने सांगितलं होतं."

"रबराला तेल! फुगून लगदा झालाय त्यांचा. आणि डिकीत काय आहे?"

"वाळू."

लाडोबाने बॉनेटवर दोन्ही पंजे ठेवून दाबलं आणि सोडलं. "हे बघ. चांगली गाडी एकदा वर येते आणि थांबते. ही बघ." गाडी वर आली, खाली गेली, वर आली. लाडोबाने तोंड धुतलं, घोटभर पाणी घेतलं, तंबाखू मळली. गाडी अजून डुलत होती.

"नीट होईल?" केरबाने विचारलं.

"सांगितलंय तेवढं बदललं तर होईल. मुख्य म्हणजे होईपर्यंत कोणाला आत बसवू नकोस."

पाच दिवस लाडोबा गाडीखाली होता, फक्त शेपूट बाहेर. सहाव्या दिवशी त्याने चाकं सरळ रेषेत आणली, वाळूचं पोतं आपल्या अंगणात ओतलं आणि किल्ली केरबाच्या हातात दिली.

आणि बाळांनो, काय सांगू. गाडी चालतेय की नाही हे कळायला खिडकीतून झाडं बघावी लागत होती. खड्डा यायचा आणि मागे जायचा. खटखट नाही, कुंईकुंई नाही. केरबा आनंदाने एकटाच हसत सुटला. तो सरळ सासरच्या रस्त्याला लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, आणि गाडी सासऱ्याच्या कुडाला टेकली तरी आत कोणाला पत्ता नव्हता.

केरबा दार उघडणार, तेवढ्यात कुडापलीकडून सासूचा आवाज आला.

"द्वारके, पुरे आता. पाय मुरगळेल."

"शंभर झाल्यावर थांबते," द्वारका म्हणाली.

केरबाने कुडाच्या फटीतून पाहिलं. द्वारका अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. चांगल्या हातभर उंच. प्रत्येक उडीला तिचे काटे छान फुलत होते.

केरबाचेही काटे उभे राहिले, पण ते रागाने. नऊ रविवार. नऊ रविवार मी कच्चे कंद खाल्ले, तो मनात म्हणाला.

सासू म्हणाली, "पाठ तर आठवड्यातच बरी झाली होती तुझी. मग त्या गरिबाला का ताटकळत ठेवतेस?"

उड्या थांबल्या. दोरी खाली पडली.

"आई, लग्नाला अकरा वर्षं झाली," द्वारका म्हणाली. "अकरा वर्षांत त्यांनी मला एकदासुद्धा विचारलं नाही, की बाई गं, कशी आहेस. आणि आता बघतेस ना? इथे दुखतं की खाली दुखतं, शेक घेतेस का. कंद सोलून देतात. उत्तर देईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसतात. गाडी नीट झाली की मी घरी जाणार आणि हे सगळं बंद होणार. मी तर रोज देवाला हात जोडते, की तिचं ते काय मेलं बिघडलंय, ते कधी कोणाला सापडू नये."

"आठवण येत नाही त्याची?"

"येते ना," द्वारका म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "म्हणून तर उड्या मारते. मोजण्यात मन गुंतलं की तेवढा वेळ विसरायला होतं."

केरबाचे काटे हळूहळू खाली बसले. त्याला फार लाज वाटली. अकरा वर्षांत आपण हिला काय काय विचारलं ते त्याने आठवून पाहिलं. मीठ कुठे ठेवलंय, हे पुष्कळदा विचारलं होतं.

त्याने गाडी आवाज न करता मागे घेतली. तिसऱ्या वळणाच्याही मागे, पहिल्या वळणापर्यंत नेली. मग पाठ सीटपासून जराशी सोडवली आणि अंगातले सगळे काटे जोरजोरात हलवायला सुरुवात केली. साळिंदराने काटे हलवले की केवढी खळखळ होते, हे तुमच्या मास्तरांना विचारा. खटखट काट्यांची झाली. कुंईकुंई त्याने तोंडाने केली. धडामसाठी दारावर लाथ मारली. असा खळखळत, किंचाळत, लाथा मारत तो सासरी पोचला. घामाने निथळत होता.

द्वारका अंथरुणावर पालथी पडून कण्हत होती.

"वाजतेय हो अजून," ती म्हणाली.

"वाजतेय," केरबा म्हणाला. "लाडोबाने हात टेकले. आता ती अशीच राहणार म्हणे. पाठ कशी आहे?"

"तशीच आहे."

तो जवळ बसला. "द्वारके, गाडी काही सुधारत नाही आणि मला तुझ्याशिवाय घरात बसवत नाही. आलीस तर हळू चालवीन. लागलं तर सांग."

द्वारका उठून बसली. मग पाठीवर हात ठेवून, कण्हत कण्हत, स्वतःच जाऊन गाडीत बसली. बिऱ्हाड बांधायला तिला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, कारण ते नऊ आठवडे बांधूनच ठेवलं होतं.

गाडी निघाली. समोर भलाथोरला खड्डा आला. गाडी त्यावरून लोण्यावरून जावी तशी गेली. केरबाने अंग झाडून खळखळ केली.

"आई गं," द्वारका म्हणाली. ती जागची तसूभरही हलली नव्हती.

"लागलं का गं?" केरबाने विचारलं.

"थोडं," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून हसली.

केरबाला काचेत ते दिसलं. पुढचा खड्डा लांब होता, म्हणून त्याने गाडी वाकडी करून जवळचा गाठला.

तात्पर्य: गाडी वेळच्या वेळी दुरुस्त करून घ्यावी, मात्र घरी त्याचा सुगावा लागू देऊ नये. आणि बायको रोज कण्हत असेल, तर वैद्याला बोलावण्याची घाई करू नये, आधी ती दोरी कुठे ठेवते ते पाहून यावं.