पायपुसण्याचा तपास

माझ्या दारातलं पायपुसणं कोणी नेलं हे शोधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. जुन्या काळातल्या एका गुप्तहेराची टीव्हीवरची मालिका मला जवळजवळ पाठ आहे.

लोक ती खुनांसाठी बघतात, घोडागाड्यांसाठी बघतात. मी शेवटच्या दहा मिनिटांसाठी बघतो. गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो आणि सगळे येतात. ‘आज जमणार नाही हो’ असं कोणी म्हणत नाही. एक माणूस जिवानिशी जातो खरा, पण बाकीचे दहा जण एकत्र बसतात. एकट्या राहणाऱ्याला हा सौदा वाईट वाटत नाही.

म्हणून रविवारी मीही बोलावलं. खालच्या निवृत्त शिक्षिका बाई, वरचे इलेक्ट्रिशियन काका आणि समोर दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर. माझ्याकडे खुर्ची एकच, बाकीच्या खुर्च्या डॉक्टरांकडूनच उसन्या आणल्या. आणि सगळे चक्क आले! पातेलंभर चहा टाकला, जाकीट चढवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

"गुन्हेगार याच खोलीत आहे."

"मी नेलं," डॉक्टर म्हणाले.

चहाला अजून उकळीही आली नव्हती.

"तुम्ही असूच शकत नाही," मी म्हणालो. "इतक्या लवकर कोणी कबूल करत नाही. तुम्ही कोणाला तरी पाठीशी घालताय."

मी काकांकडे रोखून पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मी पाय पुसतच नाही. विचार तुझ्या काकूला." काका उठले.

"बसा ना काका. बाईंचा जबाब राहिलाय."

"अरे, चोर सापडला ना?" बाईही उठल्या. "मग मला कशाला कोंडतोस? गॅसवर दूध ठेवून आलेय मी."

दोघंही गेले. डॉक्टर खुर्च्या एकात एक घालू लागले.

"पण नेलंत कशाला?"

"पेशंट चिखलाचे पाय घेऊन येतात. तुमचं नवंकोरं पडून होतं. म्हटलं, यांच्याकडे येतं कोण?" मग ते जरा ओशाळले. "आत्ता आणून देतो."

"राहू द्या. तिथे निदान पाय तरी लागतात त्याला."

खुर्च्या उचलून ते दारापर्यंत पोचले.

"डॉक्टर, मला दात दाखवायचा होता."

"कुठला दुखतोय?"

"तुम्ही म्हणाल तो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गुरुवारी या. पण गर्दी असते, बाहेर बसावं लागेल."

"मी तासभर आधीच येतो," मी म्हणालो.