श्रावणभाऊंची टाकी

ज्या दिवशी श्रावणभाऊ मोटारसायकलची टाकी उतरवतात, त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणालाही चहा मिळत नाही.

मी मुळातच चहाची माणूस. डोळे उघडले की आधण ठेवते. आणि नेमका तेव्हाच समोरच्या घरातून आवाज येतो, "टाकी उतरून राह्यली! चुली बंद! गॅस बंद!" अख्ख्या आरमोरीला ऐकू जावा असा आवाज. तेवढ्यावर भागत नाही, भाऊ दारोदार फिरून बघतात. कोपऱ्यावरच्या म्हातारबुवांची विडी स्वतःच्या हाताने विझवतात. त्यांच्या स्वतःच्या घरात तर बुद्धासमोरची मेणबत्तीसुद्धा लागत नाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई चिडून म्हणतात, "बुद्ध समजून घेईन, पण मी नाई घेनार!"

भाऊ हिवताप खात्यात होते. एटापल्लीकडच्या जंगलात गावोगाव फिरायचं, ताप आलेल्याचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. ही गाडी तेव्हाची. नोकरी संपली, पण गाडी काही दारातून हलली नाही.

आतून गंज धरू नये म्हणून टाकी मधूनमधून उतरवायची, आणि त्याची त्यांची रीत ठरलेली. पहिला शब्द, "आधी कॉक!" म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. हा नियम त्यांनी सगळ्या संसाराला लावून टाकला आहे. नळावर बायका भांडल्या की, "आधी कॉक बंद करा, मंग बोला." एकदा माझ्या सासूबाई माझ्या भाजीवर घसरल्या, तर भाऊ कुंपणापलीकडून म्हणाले, "काकी, कॉक!" सासूबाई चक्क गप्प बसल्या. त्या आठवड्यापुरते मी त्यांचे चहाचे गुन्हे माफ केले.

कॉक झाला की सीट निघते, नळी सुटते. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात उतरतं आणि झाकण लावून अंगणातल्या सावलीत जातं. बोल्ट आणि रबरं यशोदाबाईंच्या स्टीलच्या वाटीत. ती वाटी पुन्हा कधी जेवायच्या ताटात दिसली नाही. मग टाकी मागच्या बाजूने उचलायची, हळूच मागे ओढायची आणि ठेवायची कुठे, तर सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, टांगलेल्या जुन्या पाळण्यात!

"पाळण्यात काऊन, भाऊ?"

"खाली ओल असते, बाई. भिंतीले टेकवली तं ओरखडा पडते. इथी हवा लागते, ऊन लागत नाई."

गल्लीतल्या बायका विचारायच्या, "भाऊ, बारसं कवा?" भाऊ म्हणायचे, "तुमी नाव सुचवा, मी घुगऱ्या वाटतो." एकदाही रागावले नाहीत.

तर मागच्या पावसाळ्यात भाऊ या गाडीवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये, एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला तो वेगळाच. त्यांची एकुलती एक लेक सुजाता पुण्याला नर्स आहे. तिने फोनवरच फर्मान काढलं की गाडी विका. यशोदाबाईंनी तर हायच खाल्ली होती. मला म्हणाल्या, "हा मानूस कुठी जंगलात पडून राहीन, तं मले कोन सांगीन?"

पायाचं प्लास्टर निघालं, गिऱ्हाईकं येऊ लागली आणि आमचा चहा वारंवार बुडू लागला. गिऱ्हाईक यायचं म्हटलं की टाकी पाळण्यात. भाऊ गरीब चेहरा करून सांगायचे, "टाकी उतरली हाय, भाऊ. आता काई दाखवता येत नाई." एक जण तर न सांगताच उगवला. भाऊंनी त्याला आग्रहाने सपरीत बसवलं, पाणी दिलं. त्याचा गिलास रिकामा होईपर्यंत गाडीची सीट निघाली होती.

हट्टी म्हातारा, मी मनात म्हटलं. मग एक दिवस सुजाताच आली. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं, आणि सकाळी पुन्हा तीच आरोळी, "चुली बंद!" मी तणतणत समोर गेले. सुजाता माझ्याहून तापलेली.

"बाबा, पुरे झालं! मी बसवते टाकी!"

भाऊ बोल्टची वाटी मांडीवर घेऊन बसले होते. सुजाताने पाळण्यातलं फडकं ओढलं, टाकी उचलायला वाकली आणि तशीच थांबली. टाकीच्या दोन्ही बाजूंना पुढे रंग उडालेला होता, बारीक बारीक ओरखडे. मला वाटायचं, पडल्यावर आले असतील.

यशोदाबाई म्हणाल्या, "हे तुह्ये पैंजन, माय. टाकीवर बसून जात होतीस ना ह्यायच्यासंगं. गाडी सुरू झाली का दोन्ही पाय आपटत होतीस."

भाऊ वाटीतल्या बोल्टांकडे बघत म्हणाले, "गाडी कोनीबी नेवो, पोरी. पन घेनारा पहिले हेच घासून काढते. नवा रंग मारते. मंग माह्याजवळ काय राह्यलं? तू तं तिकडं."

"मले सांगितलं काऊन नाई?"

"फोनवर कसं सांगू? तू ड्युटीवर असतेस."

सुजाता पाळण्याची दोरी धरून उभी राहिली. रडली, अगदी लहान पोरीसारखी. यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरून आले, चहा गेला उडत.

तेवढ्यात अंगणातून हाक आली, "कोनी हाय का गा घरी? गाडी पाहाले आलो."

सुजाताने डोळे पुसले. बापाकडे बोट रोखून म्हणाली, "चालवायची नाई. कबूल?"

"कबूल."

"आईची शपथ घ्या."

भाऊंनी घेतली. मग तिने टाकीवर फडकं नीट पांघरलं, दारात गेली आणि हुबेहूब बापासारखा गरीब चेहरा करून म्हणाली,

"टाकी उतरली हाय, भाऊ. आता काई दाखवता येत नाई."