रिकामं तिसरं कडवं

सोमवारी सकाळी उन्मेषचा फोन आला तेव्हा अरुंधतीबाई भाजणी चाळत होत्या. उन्मेष हा रविवार पुरवणीचा संपादक. त्या पुरवणीत बाईंचं 'ऐकलेलं' हे सदर गेली चौतीस वर्षं चालू होतं. मैफल कुणाचीही असो, बाई पहिल्या रांगेत डाव्या कोपऱ्यात बसायच्या आणि रविवारी सगळ्या नागपूरला कळायचं की गवयाचा आवाज कुठे लागला आणि कुठे नाही.

"ताई, या वेळी मैफल नको," उन्मेष म्हणाला. "एक सिंगल आहे. रॉकचं. 'बिनपगारी' नावाचा बँड आहे."

"लग्नातला?"

"नाही हो. 'लोखंडी पूल' ऐकला असेल ना तुम्ही?"

"त्या पुलाखालून पन्नास वर्षं जाऊन राहिली मी."

"पूल नाही ताई, बँडचं नाव आहे. त्यांच्यातल्याच तीन पोरांनी बाजूला हा दुसरा बँड काढला. साइड प्रोजेक्ट म्हणतात त्याला."

"म्हणजे मोठं दुकान चालू ठेवून शेजारी टपरी टाकली."

"तसंच समजा. गुरुवारी दुपारपर्यंत परीक्षण पाठवा." मग उन्मेष जरा घुटमळला. "एक सांगायचं होतं. मालक म्हणून राहिले की ताईंना हे जमत नसेल तर सदर नूपुरला देऊ. ती अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ करते गाण्यांवर. पोरं पाहतात."

बाईंनी चाळणी खाली ठेवली. नोकरी संपून अठरा वर्षं झाली होती. मुलगी बंगळुरूची झाली होती, गुडघे डॉक्टरांचे झाले होते. स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, रविवारी सकाळी छापून येणारं नाव. "पाठव तुझी टपरी," त्या म्हणाल्या.

गाण्याचं नाव होतं 'घेऊन जा गे'. नाव वाचूनच बाईंच्या कपाळाला आठी पडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबू आणि पिवळ्या कागदाची, दोन मजले उंच, डोळे वटारलेली बाई. लोक तिच्यापुढे नाचत ओरडतात, "इडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि गावाची सगळी पीडा तिच्या गळ्यात घालून तिला जाळून टाकतात. लहानपणी बाई वडिलांच्या खांद्यावर बसून ती मिरवणूक बघायच्या आणि मारबतीचे डोळे आपल्याकडे वळले की वडिलांचे केस घट्ट धरायच्या. ती आरोळी या पोरांनी गिटारवर चढवली होती.

बाईंचा नियम होता, शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. पण त्या गिटारीने दाढा ठणकत होत्या. म्हणून त्यांनी ठरवलं, एका बैठकीत एक कडवं.

पहिल्या कडव्यात खोकला होता. मुलगा ओरडायचा, "खोकला!" आणि मागून सगळे, "घेऊन जा गे मारबत!" बाईंच्या कानाला सवयीने मागचे आवाज मोजायची खोड होती. त्यांनी मोजले. नऊ. त्यात एक बाईचा, जरा मागून, जसा कुणी दाराबाहेर उभं राहून म्हणावा तसा. कडवं संपल्यावर त्यांनी फोन बंद केला, आणि घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

बराच वेळ त्यांना कळेना काय चुकलं ते. मग लक्षात आलं. अनंतराव खोकले नव्हते.

अनंतराव म्हणजे त्यांचे यजमान. त्यांचा खोकला अकरा वर्षांचा होता. दोन आखूड, एक लांब. चहा हवा असला की तोच, भाजीत मीठ कमी असलं की तोच, शेजाऱ्यांशी पटलं नाही तरी तोच. आता ते खुर्चीत ताठ बसले होते आणि स्वतःच्या छातीकडे पाहत होते, खिशातलं पाकीट गेल्यासारखे.

"येऊन नाही राहिला," ते हळूच म्हणाले.

"चांगलंच झालं की."

"चांगलं काय? कोणी न विचारता घेऊन गेलं ना!"

एवढ्यात समोरच्या घरातून खोकला ऐकू आला. दोन आखूड, एक लांब. थोड्या वेळाने समोरचे जितेंद्र छातीवर हात दाबत फाटकात उभे राहिले. जितेंद्र पोस्टातून निवृत्त झालेले, पहाटे व्यायाम करणारे, आयुष्यात कधी न शिंकलेले.

"वहिनी," दोन आखूड, एक लांब, "हा खोकला माहा नाही. अनंतरावांचा आहे. अकरा वर्सं आयकून राहिलो, मी वळखत नाही का?"

धुणंभांडी करणाऱ्या कांताबाईंनी हे ऐकलं आणि हातातला तवा ओट्यावर ठेवला. त्या जुन्या कोष्ट्यांच्या घरातल्या, मारबत बांधतात त्या गल्लीत वाढलेल्या. "बाई, खरं सांगा, तुमी मारबतीले हाक मारली काय?"

"मी नाही. फोनवर गाणं लावलं होतं."

"मे महिन्यात?" कांताबाईंचा आवाज खाली गेला. "अवो बाई, तिचा दिवस असला तं ती नेते अन् आगीत जयून जाते, संगं पीडाबी जयते. आता तिले कोनं बांधली? कोन पेटवंन? हाक मारली तं तिले यावंच लागते. पन नेलेलं टाकंन कुठी? दुसऱ्या कोनाच्या दारात ठेवून देते बिचारी."

"काहीतरीच," बाई म्हणाल्या. पण उंबऱ्याशी पिवळ्या कागदाची एक ओली चिंधी पडली होती. पोळ्याला अजून तीन महिने होते. बाईंनी ती पायाने बाजूला सारली आणि पाय धुतला.

मंगळवारी त्यांनी गाण्याला हात लावला नाही. बुधवारी लावावाच लागला. दुसरं कडवं होतं, "न जाणारे पाहुणे!" या वेळी मागचे आवाज त्यांनी सतरापर्यंत मोजले आणि मोजणं सोडून दिलं. दाराबाहेरची बाई आता खोलीत आल्यासारखी वाटत होती.

घरात पाहुण्या होत्या. अनंतरावांची बहीण वच्छलाबाई अमरावतीहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवसांसाठी आल्या होत्या, आणि हा सहावा आठवडा होता. ऑपरेशन चांगलं झालं होतं, त्यामुळे त्यांना आता कोपऱ्यातली धूळही दिसायची. गाणं चालू असताना त्या मागच्या खोलीतून म्हणत होत्या, "अरू, चहात साखर काहून नाही वं?"

कडवं संपलं. मागच्या खोलीत पलंगावर चादर नीट घडी केलेली होती. कपातल्या चहातून वाफ निघत होती. वच्छलाबाई नव्हत्या, पिशवी नव्हती, चपला नव्हत्या. दाराची आतली कडी लावलेली होती.

दहा मिनिटांत उन्मेषचा फोन. "ताई, तुमच्या नणंद म्हणून कोणी आहेत का? मनीषनगरला आमच्या दारात पिशवी घेऊन उभ्या आहेत. कशा आल्या विचारलं तर म्हणतात, मलेच माहीत नाही."

बाईंचं घर नंदनवनात, तिथून मनीषनगर रिक्षाने चाळीस मिनिटं. "चहा दे त्यांना," त्या म्हणाल्या. "साखर जास्त."

"दिला. आता म्हणतात, पडदे धुवायला झाले. ताई, यांना केव्हा घेऊन जाता?"

"ते माझ्या हातात नाही रे."

"बरं, परीक्षणाचं तरी तुमच्या हातात आहे ना? मालकांनी नूपुरला उद्या चारला बोलावलं आहे."

गुरुवार उजाडला. तिसरं कडवं राहिलं होतं. ते न ऐकताच लिहून द्यावं, असं अनंतरावांनी सुचवलं. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. धनवटे रंगमंदिरात एकदा पाणी शिरलं होतं, तेव्हाही त्या पाय वर घेऊन भैरवीपर्यंत बसल्या होत्या. पण आता हिंमत होईना. तिसऱ्या कडव्यात पोरांनी काय घातलं असेल? जुनाट लोक? म्हाताऱ्या समीक्षक? त्यांनी सरळ गायकालाच बोलावून घेतलं.

पंकज दुपारी बाराला आला. कानात बाळी, हातावर गोंदण, आणि आल्या आल्या वाकून नमस्कार. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मागे किती जण म्हणतात रे तुमच्यात?"

"आम्ही तिघंच आहोत ना, आजी."

"आणि ती बाई?"

पंकजचा चेहरा उतरला. "आजी, तुमालेबी आयकू आली? मिक्सिंगवाला म्हणे का तुह्या डोक्यात आहे. आम्ही गाणं सक्करदऱ्याले एका गोदामात रेकॉर्ड केलं. तिथं मारबतीचा जुना सांगाडा पडून होता. आमी त्याच्यावरच माइक टांगला, स्टँड नव्हता म्हणून."

"तुले दुसरी जागा नाही भेटली गा?" अनंतराव ओरडले.

"सही में आजोबा, भाडं नव्हतं लागत."

कांताबाईंनी पदर डोक्यावर घेतला. बाई म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्यात काय मागितलं आहे तुम्ही?"

"काहीच नाही. चार आवर्तनं रिकामी सोडली. शोमध्ये पब्लिक आपआपलं वरडन, असा प्लॅन होता."

"म्हणजे जो ऐकेल त्याने भरायचं?"

"हो ना."

बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि कळ दाबली. गिटार वाजली, ढोल वाजला, आणि मग एकदम सगळं थांबलं. फक्त ताल राहिला, खालून कुणी बांबूने जमीन ठोकावी तसा. खोलीत ओल्या कागदाचा वास आला. भिंतीवरची पाल जागच्या जागी थबकली. कोरसमधल्या त्या बाईने श्वास आत घेतल्याचं स्पष्ट ऐकू आलं, आणि तिने तो धरून ठेवला. ती वाट पाहत होती.

पहिलं आवर्तन गेलं. बाईंच्या जिभेवर 'नू' आला होता. दोन अक्षरं आणखी, की सदर आपलं. कोणाला कळलंही नसतं. दुसरं आवर्तन गेलं. पण पोरीला ही नेणार, आणि ठेवणार कुठे? कुणाच्या दारात ती पिशवी घेऊन उभी राहील, आपण कशा आलो ते ठाऊक नसताना? आणि गेल्या चौतीस वर्षांत बाईंनी ज्याच्याबद्दल जे लिहिलं ते त्याच्या तोंडावर म्हणता येईल असंच लिहिलं होतं. तिसरं आवर्तन. बाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. अनंतरावांनी ओठ मिटले. कांताबाईंनी पंकजच्या तोंडावर हात ठेवला, कारण त्या पोराचा भरवसा नव्हता.

चौथं आवर्तन संपलं. त्या बाईने धरलेला श्वास सोडला. तो अरुंधतीबाईंच्या मानेला लागला.

साडेतीनला परीक्षण गेलं. बाईंनी जे ऐकलं ते लिहिलं. गिटार गरजेपेक्षा जास्त आहे, दुसऱ्या कडव्यात गायक श्वास चुकीच्या जागी घेतो, पण ताल आतून आलेला आहे. कोरसमधला स्त्रीस्वर या गाण्यातला सर्वात तयार आवाज असून त्या गायिकेचं नाव न देणं बरोबर नाही. आणि शेवटी एक ओळ: "तिसरं कडवं रिकामं आहे, ते ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर भरावं."

हीच ओळ नडली. बाईंनी ती सावध करायला लिहिली होती. नागपूरकरांनी ती आमंत्रण म्हणून वाचली.

रविवारी सकाळी पुरवणी घरोघरी पोचली. मे महिना, पारा सेहेचाळीसवर, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटणारं. अकराच्या सुमारास या घरातून, त्या घरातून तेच गाणं वाजू लागलं. मग रिकामी जागा आली, आणि कुणी कुणाला न विचारता अख्ख्या गल्लीने एकच शब्द ओरडला. पलीकडच्या गल्लीनेही तोच. सक्करदऱ्यापासून मनीषनगरापर्यंत तोच.

"ऊन!"

संध्याकाळी लोक कपाटातून शाली काढत होते. सोमवारी नागपूर बावीसवर होतं आणि पुणं सेहेचाळीसवर. दूरदर्शनवर पुण्याचे लोक झाडाखाली उभे होते आणि कुणीतरी जबाबदार माणसाने याचं लेखी उत्तर द्यावं, असं म्हणत होते. हवामान खात्याचे गृहस्थ नकाशापुढे उभे राहून नुसतेच घसा साफ करत होते. नंदनवनात भर दुपारी पोरं क्रिकेट खेळत होती. जितेंद्र खोकत खोकत का होईना, अंगणात आरामखुर्ची टाकून बसले होते. लोकांनी कूलर झाकून माळ्यावर टाकले.

गुरुवारी उन्मेषचा फोन आला. मागे वच्छलाबाई कुणाला तरी भांडी कशी घासायची ते सांगत होत्या.

"ताई, मालक एकदम खूश! म्हणतात, सदर तुम्हाला हवं तितकी वर्षं चालू राहील. नूपुरला दुसरं काही देतो."

बाईंना बसावंसं वाटलं. त्या बसल्या. "बरं झालं रे."

"फक्त एक आहे. हे परीक्षण पुणे आवृत्तीला पाहिजे. येत्या रविवारी, जसंच्या तसं. तिथून फोनवर फोन येऊन राहिले. शेवटची ओळ तर अजिबात कापू नका म्हणाले. तुमची परवानगी लागते. नाही म्हटलं तर मालकांना वाईट वाटेल, मग ते नूपुरचं पुन्हा…"

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. सगळी गल्ली बाहेर होती. तान्ह्या मुलांना घेऊन बायका ओट्यावर बसल्या होत्या. बाईंना या गावात शहात्तर उन्हाळे झाले होते आणि असा मे त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

"पुण्याचे काय ओरडणार ते ठाऊक आहे ना तुला?" त्यांनी विचारलं.

"आहे ना, ताई," उन्मेष बारीक आवाजात म्हणाला.

अनंतराव खुर्चीतून म्हणाले, "ऊन तर परत करतीलच ते. सोबत आणखी काय काय पाठवतील, त्याची काळजी वाटून राहिली मला."

बाई फोनमध्ये म्हणाल्या, "छाप. पण माझं नाव ठळक टाईपात पाहिजे." फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि आत हाक मारली.

"कांता, माळ्यावरचा कूलर काढ. आणि टाकी आजच भरून ठेव."