अडीच पायऱ्या

कानडे सरांना लग्नाचं आमंत्रण दिलं तर ते येतो म्हणत नाहीत, येत नाही असंही म्हणत नाहीत. डोळे मिटतात आणि सांगतात, "दहापैकी सात." आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत एका यजमानीणबाईंनी त्यांना सरळ विचारलं होतं, की मग तुमचं पान मांडू की नको. सरांनी त्यावर नीट विचार करून सांगितलं, की अशी दहा लग्नं असतील तर सात ठिकाणी मांडावं. बाईंनी मांडलं नाही, आणि सर जेवायला आले.

दुसऱ्या कुणी हे हसून सोडून दिलं असतं. मी सोडणार नाही. या माणसाने माझा धंदा चव्हाट्यावर आणला, आणि तोही मला न विचारता.

मी माळशिरसकडचा. चौथी शिकलो. चादरींचं गाठोडं खांद्यावर टाकून दारोदार हिंडलो आणि त्यातून नवी पेठेत साड्यांचं दुकान उभं केलं. वाडवडिलांचं आयतं काही नव्हतं. जे मिळवलं ते तोंडाच्या जोरावर. सर गणिताचे प्राध्यापक, माझ्या घरासमोरच्या दोन खोल्यांत एकटे राहणारे. बायको बार्शीला शाळेत शिकवते, म्हणून तिकडे असते, एवढंच गल्लीला ठाऊक. कॉलेज सुटलं की सर माझ्या दुकानात येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. मीही बसू दिलं. शिकलेला माणूस बसलेला दिसला की दुकानाला वजन येतं, आणि त्याला चहा एकच लागतो.

वहीत ते 'रँडम व्हेरिएबल'ची उदाहरणं सोडवत. हे काय प्रकरण आहे, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "शेठ, समजा एक संख्या आहे. पुढच्या वेळी ती किती येईल ते कुणालाच सांगता येत नाही. पण तिच्या काही सवयी असतात."

मी म्हणालो, म्हणजे गिऱ्हाईक.

सर इतके खूश झाले, की उठून माझा हात हातात घेतला. हे समजायला पोरांना दोन टर्म लागतात म्हणाले. त्या वहीतली संख्या मीच आहे, हे मला तेव्हा कुठं माहीत.

आता दुकानाचं सांगतो. माझ्या दुकानाला चार पायऱ्या. मी भाव सांगतो, बाई निम्म्याने मागतात, मी कपाळाला हात लावतो, बाई उठतात आणि पायऱ्या उतरायला लागतात. खरा धंदा इथं सुरू होतो. लगेच हाक मारली तर आपली गरज दिसते. उशीर केला तर समोरचा दुकानदार टपलेलाच असतो. हाक कधी मारायची, हे मला वीस वर्षांनी जमलं. ते मी कुणाला शिकवलं नाही, पोटच्या पोरीलाही नाही.

ती पोरगी, शैला, सरांच्याच वर्गात होती. वार्षिक परीक्षेचा पेपर देऊन घरी आली ती पोट धरून हसत. पेपरात उदाहरण होतं. नवी पेठेतल्या एका साडीवाल्याच्या दुकानाला चार पायऱ्या आहेत. निघालेल्या गिऱ्हाइकाला तो पहिल्या पायरीवर दहातून एकदा हाक मारतो, दुसरीवर दहातून तीनदा, आणि उरलेल्या सगळ्यांना तिसरीवर. तर हाक येईपर्यंत गिऱ्हाईक सरासरी किती पायऱ्या उतरतं?

मी विचारलं, उत्तर काय आलं. म्हणाली, अडीच.

मला आधी राग आला तो या अडीचाचा. चार पोरांपुढे माझी अब्रू काढली ती काढली, वर उत्तर हे असलं. अडीचाव्या पायरीवर माणूस उभा कसा राहील? एक पाय हवेत धरून?

पण बायकांना अडीचाशी घेणंदेणं नव्हतं. पोरींनी घरोघरी आयांना सांगितलं, आणि आठ दिवसांत गावभर झालं. मग काय, बाई निम्म्याने मागायच्या, उठायच्या, तिसऱ्या पायरीवर येऊन थांबायच्या आणि पाठ करून उभ्या राहायच्या. एका बाजारच्या दिवशी तिथं तिघी जणी एकदम उभ्या. त्यातली एक खेडेगावची म्हातारी मान वळवून मला म्हणाली, "शेठ, हाक मारा की आता. आमाला एस्टी गाठायची हाय. लई वेळ झाला हुबं ऱ्हाऊन."

मारली. काय करणार? त्या दिवसापासून भाव मी सांगत नव्हतो, बायका सांगत होत्या. असं वर्षभर चाललं असतं तर पुन्हा गाठोडं खांद्यावर घ्यायची पाळी होती.

रविवारी सकाळी सरांच्या घरी जाऊन तोंडाला येईल ते बोललो. उदाहरण चुकलं असं वर्गात जाहीर करा म्हणालो. सरांनी शांतपणे वही काढली, सगळं पुन्हा सोडवलं आणि चूक नाही म्हणाले. उपाय मात्र सांगितला. डब्यात चार चिठ्ठ्या टाकायच्या, एकीवर फुली. गिऱ्हाईक उठलं की डोळे मिटून एक काढायची. फुली आली तर हाक मारायची नाही, काही झालं तरी. चारातली एक बाई खरोखर गेली, की बाकीच्या तिसऱ्या पायरीवर निवांत उभ्या राहणार नाहीत.

मला पटलं. सोमवारी दुपारी पहिलीच चिठ्ठी फुलीची निघाली. बाई चौथी पायरी उतरल्या. रस्त्याला लागल्या. मी गादीवर बसून दात आवळले. समोरचा दुकानदार हसून बघत होता. बाई चौकाशी पोचल्या आणि मी तसाच अनवाणी पळत सुटलो. बाईंना परत आणून त्या मागतील त्या भावाने साडी दिली.

संध्याकाळी डबा घेऊन सरांच्या घरी गेलो आणि चिठ्ठ्या त्यांच्या टेबलावर ओतल्या.

सर म्हणाले, "फुली आली होती ना? मग?"

"आली होती. पण बाई चालल्या होत्या की, सर. डोळ्यांदेखत."

"किती लांब गेल्या होत्या?"

"चौकापर्यंत."

"आणि परत आल्या?"

"आल्या. चौकातनं बी येतात."

वही समोर होती, पण सरांनी काही लिहिलं नाही. बराच वेळ चिठ्ठ्या एकावर एक रचत बसले. मग खाली मान घालूनच बोलायला लागले. बायको नोकरीसाठी बार्शीला गेली नव्हती. नोकरी तिने तिथं गेल्यावर धरली. सर एक उदाहरण सोडवत होते आणि आठवडाभर तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, म्हणून ती पिशवी भरून निघाली. याला पाच वर्षं झाली.

"मी या खिडकीत उभा होतो," सर म्हणाले. "कोपऱ्यावर माणूस बहुतेक वेळा मागे वळून बघतो, असं मी धरलं होतं. तिने बघितलं की हाक मारू म्हटलं. तिने बघितलं नाही."

प्रश्नपत्रिकेने आला नव्हता इतका राग मला तेव्हा आला. बाई बोळातून चालल्यात आणि हा मनुष्य खिडकीत उभा राहून हिशेब धरतोय. मी ते त्यांना बोलून दाखवलं, चांगलं मोठ्याने. सरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता मारली तर यायची शक्यता किती, शेठ?"

"मला काय ठाऊक? मी हाक मारतो तेव्हा तरी कुठं ठाऊक असतं?"

सर उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बटणं एक घर चुकली होती. ती मी नीट करायला लावली. बार्शीची गाडी कुठं लागते हेही त्यांना माहीत नव्हतं. भांडायला गेलेला मी, टांगा करून त्यांना स्टँडवर घेऊन गेलो. माझं काम तर राहूनच गेलं.

गाडी हलली. सर खिडकीतून काहीतरी म्हणताना दिसले. मला काही सांगतात असं वाटून मी दोन पावलं गाडीबरोबर चाललो.

सर माझ्याकडे बघतही नव्हते. "सुमन," असं म्हणत होते, आधी हळू, मग जरा मोठ्याने. आवाज निघतो का ते बघत होते.