तांब्या न सांडणारा घाट

काठोकाठ भरलेला तांब्या शेजारी घेऊन तुम्ही कधी घाट उतरलाय? मी उतरलेय, आणि एकदा नाही, दोनदा. तांब्याला झाकण लावायचं नाही, हात लावायचा नाही, आणि पाणी डचमळलं तरी "अगंबाई!" म्हणून ओरडायचं नाही, कारण त्यानं गाडी चालवणाऱ्याचं चित्त ढळतं. गाडी चालवणारे आमचे समोरचे सिद्रामअण्णा. तांब्याही त्यांचाच, घरून घासूनपुसून आणलेला. तो ठेवायची जागाही ठरलेली. जीपच्या मागच्या सीटवर, डावीकडं, टॉवेलाची चौघडी करून त्यावर.

"ताई, हलू नगा. तुमी हललासा की त्याचं गणित चुकतंय," असं म्हणून अण्णा उताराला लागायचे. मी श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. घाटाखाली पोचलं की स्वारी उतरून मागं यायची, तांब्यात डोकावायची, आत बोटं घालून कितपत पाणी गेलं ते मोजायची, आणि मान हलवायची. "न्हाय. हे स्थळ आपलं न्हाय." घाटाला स्थळ म्हणणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

सगळं सांगायचं तर चिंचोळी एमआयडीसीपासून सुरुवात करायला हवी. तिथं अण्णांचा ट्रॉल्या बनवायचा कारखाना होता. ट्रॅक्टरच्या मागं जोडतात त्या, उसाच्या. जन्मभर लोकांना ट्रॉल्या जोडून दिल्या, आणि कारखाना पुतण्याच्या हाती सोपवताना शेवटची एक स्वतःसाठी केली. तिला भिंती, छप्पर, दोन खिडक्या, आत खाट, ओटा, एवढीशी मोरी. जीपला जोडायची आणि ओढत न्यायची, की झालं फिरतं घर. खिडक्यांना सोलापुरी चादरीचे पडदे. कॉलनीतली पोरं त्याला 'अण्णांचा डबा' म्हणतात. अण्णा नुसतं 'मागचं' म्हणतात.

"पुढचं कुटंबी जातंय ओ ताई. मागचं काय म्हनतंय ते बगाया लागतंय."

हे मागचं दोन वर्षं जुळे सोलापुरातून, म्हणजे आमच्या कॉलनीतून, हललं नाही. कारण अण्णांना घाट पसंत पडत नव्हता. आणि घाई हा शब्द त्यांच्या घरात चालत नाही. त्यांच्या घरात चालतो तो 'निधान'. कानडीत निधान म्हणजे सावकाश. दूध उतू जायला लागलं तरी अण्णा गॅसपाशी जाताना "निधान, निधान" म्हणत जातात. पोचेपर्यंत दूध शेगडीवर असतं, ते सोडा.

उन्हाळ्यात संध्याकाळी भिंतींनी दिवसभर प्यालेली धग बाहेर यायला लागली, की अण्णा मागच्याचं दार उघडून पायरीवर बसायचे. समोर माझं मेडिकलचं दुकान, शेजारी रसाचा गाडा, वर पत्र्यासारखं तापलेलं आभाळ. अण्णांना यातलं काही दिसत नसे.

"आता बगा ताई, डाव्या अंगाला दरी. उजव्या अंगाला खडकातनं पानी ठिबकतंय. काच खाली करू नगा, धुकं आत येतंय."

मी शटरपाशी घाम पुसत उभी. पण खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही हातावर काहीतरी गार टेकून जायचं. ओल्या मातीचा वाससुद्धा यायचा. अण्णा इतकं हळू बोलायचे की रसाच्या गाड्याचं घुंगरूसुद्धा लांब कुठल्या तरी देवळातलं वाटायचं. मग एखादी रिक्षा खच्चून हॉर्न मारायची आणि आम्ही दोघंही धाडकन जुळे सोलापुरात पडायचो.

आता तांब्याचं कारण. तांब्या म्हणजे महानंदाकाकू.

काकू अण्णांच्या पत्नी. गोऱ्या, ठेंगण्या, हाताला सदैव शेंगाचटणीचा वास. त्यांना जन्मात एकच हौस, समुद्रात पाय बुडवायचे. दोन्ही बहिणी बुडवून आल्या, ह्यांचे राहिले. आणि त्यांना गाडी लागते. लागते म्हणजे किती? सात रस्ता चौकापासून घरापर्यंत रिक्षानं आल्या तर उतरल्यावर तासभर आडव्या. माझ्या दुकानातल्या सगळ्या गोळ्या झाल्या, आवळासुपारी झाली, लिंबू हुंगून झालं. पुढच्या सीटवर बसवावं तर रस्ता अंगावर येतो म्हणतात, म्हणून बसायच्या मागं, डावीकडं. जिथं तांब्या ठेवायचा तिथंच. ज्या घाटात तांब्या सांडणार नाही, त्या घाटात काकूंच्या पोटातलं हलणार नाही, असा अण्णांचा सिद्धान्त.

"मग रेल्वेनं मुंबईला जा की अण्णा. तिथंही समुद्रच आहे," मी एकदा म्हणाले. चहात मीठ घातल्यासारखं तोंड करून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"घाटानंच जायाचं," म्हणाले, आणि विषय बंद.

सगळे घाट त्यांना नातेवाइकांसारखे पाठ. "कुंभार्ली म्हंजे आमची थोरली मेव्हणी. सुरवातीला गोड बोलती, मधीच असं तोंड फिरवती की बास. आंबोली देखणी, पर दारात कायम पाव्हणे. गगनबावडा म्हंजे सासरा. उताराला लागला की थांबायचं नाव न्हाय. फोंडा लई सज्जन, पर तिन्हीसांजेला गवं आडवं येत्यात." आंबा घाटाचं नाव काढलं की मात्र अण्णा फडकं घेऊन जीपचं बॉनेट पुसायला लागायचे.

कुंभार्लीला मी गेले होते. निम्मा तांब्या माझ्या साडीवर आला. आंबोलीला एका वळणावर अण्णा दरी बघायला थांबले, मी काच खाली केली, आणि एका माकडानं आत हात घालून तांब्याच उचलला. वरच्या दगडावर बसून त्यानं तो उपडा केला, आत बघितलं, आणि आमच्याकडं असं बघितलं, जणू रिकामा तांब्या घेऊन फिरणारी माणसं त्यानं प्रथमच पाहिली असावीत. अण्णा खाली हात जोडून उभे. "दे की रे बाबा, लग्नातला हाय." कसा कोण जाणे, त्यानं तो टाकला. पोचा आला, पण तांब्या मिळाला.

यावर काकूंनी तोफ डागली. सहसा बोलत नाहीत, पण त्या दिवशी अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "गड्ड्याच्या जत्रेआधी मला समुद्र दाखवायचा. न्हाईतर ह्या डब्यात मी चटणी-भाकरीचं दुकान टाकणार. बोर्ड बी रंगवून घेणार." सोलापुरात गड्ड्याची जत्रा संक्रांतीला भरते. म्हणजे अण्णांच्या हातात उरली होती ती दिवाळी आणि थंडीचे थोडे दिवस. आणि काकू दुकान टाकणार म्हणाल्या म्हणजे टाकणार. अण्णांचं मागचं जाणार, आणि काकूंचा समुद्र कायमचा राहणार.

अण्णा रात्रभर पायरीवर बसून होते म्हणे. सकाळी येऊन म्हणाले, "आंबा बगून येतो."

तेव्हा मला दुकान सोडता येईना, म्हणून आमचे हे गेले. हे मोहोळचे. बारक्यापणापासून उसाच्या ट्रॉल्या ओढलेला माणूस, त्यामुळं अण्णांचा ह्यांच्यावर जीव. दोघं दुसऱ्या दिवशी परतले तर अण्णांच्या कपाळाला गुलाल. "ताई, थेंब सांडला न्हाय! काठापर्यंत जसाच्या तसा!" त्यांनी घाटाखाली तांब्याला नमस्कार केला, गावात शिरल्याबरोबर पेढे घेतले, आणि सगळ्या कॉलनीला वाटले. पेढा देताना प्रत्येकाला सांगत होते, "आंब्याचं जमलं."

निघायचा दिवस ठरला. काकूंनी कडक भाकरी बांधायला घेतल्या. आम्हा दोघांनाही यायचं निमंत्रण होतं. आदल्या संध्याकाळी आमचे हे जेवता जेवता थांबले आणि खाली मान घालून म्हणाले, "एक सांगू? ते पाणी मी प्यालो होतो."

"कुठलं पाणी?"

"तांब्यातलं. काकूंची चटणी खाल्ली होती गं, घशाला आग लागली. बाटली रिकामी. अण्णा चाकं बघायला उतरले आणि मी घटाघटा... मग खाली पोचायच्या आत चहाला थांबवलं, आणि अण्णांची पाठ वळल्याबरोबर हॉटेलच्या नळावरून भरून ठेवला."

"काठोकाठ?"

"अगदी काठोकाठ. बाहेर ओघळलेलं रुमालानं टिपलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे अण्णांचं सगळं जमलं होतं ते हॉटेलच्या नळाशी! समोर बघितलं तर मागच्याच्या खिडकीत दिवा, अण्णा खाटेवर चादर अंथरतायत आणि काकू पहिल्यांदाच आत शिरून डबे लावतायत. कुठल्या तोंडानं सांगणार? आम्ही गप्प बसलो.

निघालो. मंगळवेढा, सांगोला, मिरज. जीप बैलगाडीच्या चालीनं, मागचं डुलत डुलत मागं. ट्रकवाले वाकून बघायचे आणि अण्णा त्यांना हात करायचे. रात्री कोल्हापूरच्या अलीकडं उसाच्या फडाशेजारी थांबलो. सरळ रस्त्यानं काकूंना काही झालं नव्हतं. त्या खुशीत होत्या, आणि मी प्लॅस्टिकच्या पिशव्या मोजून हाताशी ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंब्याला पोचलो. घाट तिथून खाली सुटतो. तिथं धुकं होतं. अण्णांनी दोन वर्षं पायरीवर बसून सांगितलं होतं तसंच, सावकाश, झाडांच्या मधून वाट काढत येणारं. पुढचं झाड दिसायचं, मग नसायचं. आमचं मागचं रस्त्याकडेला उभं होतं, तेही मधूनच नाहीसं व्हायचं आणि फक्त चादरीचे पडदे हवेत तरंगत राहायचे. बोललं तर काहीतरी मोडेल, असं वाटत होतं.

अण्णा जीपचा आणि मागच्याचा जोड तपासत होते. काकू पायरीवर चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या.

"मी हितं येऊन गेलीय," त्या एकदम म्हणाल्या.

लग्न झालं त्या वर्षी दोघं एसटीनं समुद्र बघायला निघाली होती. ह्याच घाटात काकूंना उलट्या सुरू झाल्या. पुढच्या बाईच्या पातळावर गेलं, ती बाई किंचाळली, सगळी गाडी ओरडायला लागली. अण्णा उठून मागच्या सीटवर जाऊन बसले आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. कंडक्टरनं विचारलं, "बाईंबरोबर कोण आहे?" कुणीच बोललं नाही. काकू एकट्याच उतरल्या. अण्णा गाडी सुटता सुटता उतरले आणि लांब एका दगडावर जाऊन बसले. दोघं परतीच्या गाडीनं घरी आली.

"त्यांची काय चूक? वय बारकं. नवी पँट हुती," काकू म्हणाल्या. "कधी बोलले न्हाईत त्यावर. मी बी न्हाय." आणि चहा पिऊ लागल्या.

आमच्या ह्यांना ते ऐकवेना. उठले आणि थेट अण्णांपुढं जाऊन उभे राहिले. "अण्णा, तो तांब्या मी प्यालो होतो. हा घाट तसा नाही. परत फिरूया."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. अण्णांनी हातातलं फडकं झटकलं, घडी केली, खिशात ठेवलं.

"मला म्हाईत हुतं की काय कुणास ठाऊक," म्हणाले. "असला कुटला घाट असतोय ओ दादा, थेंब न सांडणारा?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी घाटाला कवाच भ्यालो न्हाय. तिला व्हईल, आन माजं तोंड परत तिकडं वळंल, ह्याला भ्यालो. म्हनून असा घाट हुडकत बसलो, जितं माजी परीक्षाच हुनार न्हाय."

अण्णांनी किल्ली काढून ह्यांच्या हातात दिली.

"तुमी ट्रॉल्या ओढल्यात. पयल्या-दुसऱ्या गेरवर ठेवा, मागचं ढकलतंय उताराला. मी मागं बसतो."

मी पुढं येऊन बसले. अण्णा काकूंच्या शेजारी, अगदी लागून. घाट सुरू झाला.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर काकूंना व्हायला लागलं. मी पिशवी मागं करेपर्यंत सगळं अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर आणि विजारीवर आलं होतं. अण्णा जागचे हलले नाहीत. एका हातानं त्यांनी काकूंचं कपाळ धरलं, दुसऱ्यानं पाठ चोळत राहिले. "हू दे. सगळं हू दे. कुनी काय म्हनत न्हाय," असं लहान मुलाला सांगावं तसं सांगत होते. मग खांद्यावरच्या टॉवेलानं त्यांचं तोंड पुसलं, हनुवटी पुसली, आणि आपला शर्ट तसाच राहू दिला.

"तुमचं कापड गेलं की ओ," काकू क्षीणपणे म्हणाल्या.

"जाऊ दे."

"गाडीकडं कोन बगतंय?"

"दादा हायत की."

खिडकीबाहेरून धुकं लोटत होतं, दरी उघडत होती आणि मिटत होती. अण्णांनी तिकडं एकदाही पाहिलं नाही. काकूंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं, डोळे मिटले, आणि कानडीत म्हणाल्या, "इल्ले इर्री." म्हणजे, इथंच राहा.

"हितंच हाय," अण्णा म्हणाले.