दोन प्रहर अडले, त्या दिवसाची हकीकत

श्री. भूक देणारा आणि अन्न देणारा जो एकच, त्यास वंदून लिहिले वर्तमान ऐसे जे, इसवी सन सत्राशे बेचाळीस, पश्चिमेस टोपीकरांचे मुलखी एक लहानसे राज्य होते. तेथील महाराज अडाल्बेर थोर प्रतापी. लढाई एकही केली नाही, यास्तव एकही हरले नाहीत. त्यांनी गादीवर बसताच कायदा केला की, राजा भोजनाचा पहिला घास घेईल तेव्हा राज्यात दोन प्रहर जाहले समजावे आणि घंटा वाजवावी, आणि त्याआधी कोणी जेवू नये. पुढे महाराज उशिरा उठू लागले, आणि सूर्याने मर्जी राखिली नाही, आणि प्रजेने पोटे आवळिली. मग महाराजांस एके सकाळी देवाज्ञा जाहली.

मग पुत्र लुदोविक यांस अभिषेक करावा ऐसे ठरले. परंतु अभिषेक दोन प्रहरीच व्हावा हा शिरस्ता, आणि राजाच्या घासाविना दोन प्रहर होईनात, आणि अभिषेकाविना राजा होईना. दरबार उपाशी उभा राहिला आणि दिवस कलला. इतक्यात सरहद्दीपलीकडून चुलतबंधू कास्पार घोडा फेकीत आले आणि बोलिले, "दादा, जुना करार आठवतो ना? सूर्य मावळेतो अभिषेक न जाहल्यास गादी आमची. बसा आता हवा खात." लुदोविक यांस भूक अनावर जाहली, आणि त्यांनी अंगरख्यातून पाव काढोन चावा घेतला.

कास्पार गरजले, "धरा! दोन प्रहरांआधी खाल्ले! गुन्हेगारास गादी कैची?"

लुदोविक भरल्या तोंडाने बोलिले, "राजाने खाल्ले म्हणजे दोन प्रहर जाहले. गुन्हा कसला?"

"तुम्ही राजे कोठे आहात?"

"दोन प्रहर जाहलेच आहेत. अभिषेक करा, म्हणजे होतो."

न्यायाधीश दाढी खाजवू लागले. हा राजा असेल तर गुन्हा नाही, आणि राजा नसेल तर गुन्हा आहे, आणि राजा आहे की नाही हे कळावयास आधी तेच ठरले पाहिजे. तोच राणीसाहेबांनी, म्हणजे लुदोविक यांच्या मातुश्रींनी, मुदपाकखान्याचे दार उघडविले आणि भाजल्या बदकाचा वास दरबारभर पसरला. राणीसाहेब बोलिल्या, "न्यायाधीशबुवा, विचार सावकाश करा. बदक निवले तर पुन्हा तापवू."

न्यायाधीश ओरडले, "घंटा वाजवा!"

कास्पार बोलिले, "हा उघड अन्याय आहे!"

"आपण जेवून आलात काय?"

"अर्थात. आमचे मुलखी केव्हाच दोन प्रहर जाहले."

"तरीच," न्यायाधीश बोलिले. मग अभिषेक जाहला, आणि मग पंगत बसली, आणि मग सूर्य मावळला.

सारांश, लुदोविक महाराज उपासाने राजे जाहले. प्रजेस वाटले, आता कायदा मोडतील. दुसरे दिवशी महाराज बापाहून उशिरा उठले. इति वर्तमान, लिहिणाराही अद्याप जेवला नाही.