कोऱ्या चौकोनांची वंशावळ

आनुवंशिक विकार संशोधन विभागात वंशावळीचे तक्ते सुवाच्य काढण्याच्या कामावर माझी रीतसर नेमणूक आहे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल आणि विकार असेल तर तो चौकोन किंवा गोल काळा भरायचा, अशी पद्धत. खोटं लिहायचं नाही हा माझा रोजचा नेम असल्यामुळे हे काम मला मानवलं.

एकदा साडेसात वर्षांची एक मुलगी आली. चालताना तिचा तोल जायचा. आमच्या डॉक्टरबाईंना तिच्या रक्तात एक दोष सापडला होता. पण आजार त्या दोषामुळेच आहे हे ठरवायला घरातल्या दुसऱ्या आजारी माणसाचं रक्त हवं होतं. ते मिळालं की औषध सुरू. आठ वर्षं पुरी व्हायच्या आत सुरू झालं तर पाय वाचतात, नंतर नाही.

"घरात आणखी कुणी असं चालतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे? छे!" मुलीची आत्या म्हणाली. तिच्या लेकीचं लग्न ठरत होतं, म्हणून ती मुद्दाम सोबत आली होती. "आलं असेल वहिनीच्या माहेरून."

"माझ्या माहेरी सगळे ऐंशीपर्यंत जिने चढले," मुलीची आई म्हणाली. "भिंत धरून चालतात ते तुमचे काका."

"काकांना घराची माया आहे, वहिनी. हात लावून बघतात, रंग टिकलाय का ते."

"मी आणि ते आजोबा शर्यत लावतो," मुलगी मध्येच म्हणाली. "दोघंही पडतो."

मी काकांचा चौकोन काळा केला. आत्याने पर्समधून खोडरबर काढला. "अहो ताई, हे असं दिसलं तर माझ्या लेकीकडे कोण बघेल? तुम्हालाही घरदार असेल ना!"

लिहिण्याबद्दल माझा नेम आहे. पुसण्याबद्दल नेमात काही नाही. मी पुसलं.

रक्त घ्यायला परवानगी देणाऱ्या समितीकडे डॉक्टरबाई गेल्या. अध्यक्षांनी तक्ता नीट पाहिला. "काका निरोगी आहेत. निरोग्याचं रक्त घ्यायची परवानगी देता येत नाही."

"अहो, ते आजारी आहेत हे रक्त तपासल्यावरच सिद्ध होईल!"

"मग तपासणीचा अहवाल जोडा की. लगेच परवानगी देतो."

शेवटी डॉक्टरबाई मला घेऊन मुलीच्या घरीच गेल्या. आत्या दारात उभी. "काका बाहेर गेलेत."

"कसे गेले?"

"चालत!"

मागच्या खोलीत भिंतीला तळहात घासल्याचा आवाज येत होता. आत्याने टीव्ही मोठा केला. डॉक्टरबाईंनी मुलीच्या आईकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "माझ्याही धाकट्या बहिणीचं जमायचंय हो. काळा डाग एकदा दिसला की तो कोणाकडचा, हे कोण विचारत बसतं?"

पुढच्या बैठकीत समितीने ठराव केला : वंशात कोणीही आजारी नाही, सबब मुलीचा विकार आनुवंशिक नाही, सबब तिची नोंद या विभागातून कमी करावी. मी तिचा गोल पुसला.

"माझा गोल कुठे गेला?" मुलीने विचारलं.

"बरा झाला," आत्या म्हणाली.

त्या स्वच्छ तक्त्यावर शिक्का बसला आणि आत्याच्या लेकीचं लग्न चुटकीसरशी ठरलं. बातमी पसरली. विभागाबाहेर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात वंशावळ, प्रत्येकाच्या खिशात खोडरबर. समितीने प्रयोगशाळा माळ्यावर हलवून तिच्या जागी शिक्के मारायच्या तीन खिडक्या उघडल्या. विकारमुक्तीचा आमचा आकडा इतका वाढला, की डॉक्टरबाईंचा सत्कार झाला. सत्काराची शाल घेऊन त्या माळ्यावरच्या प्रयोगशाळेत गेल्या.

मुलगी आठ वर्षांची झाली. आता शर्यत लावताना एक भिंत आजोबांची, समोरची तिची. हल्ली कोणी पडत नाही.

गेल्या महिन्यात तुम्हीही आला होतात. तुमचा तक्ता मीच काढला. सगळे चौकोन कोरे, सगळे गोल कोरे, शिक्का अगदी मधोमध. पत्ता पडताळायला मी तुमच्या दारात उभी होते, तेव्हा मागच्या खोलीत कोणीतरी भिंतीला तळहात घासत येत होतं. तुम्ही टीव्ही मोठा केलात.

मी काही विचारलं नाही. विचारण्याबद्दलही माझ्या नेमात काही नाही.